आशीर्वादाच्या वेळी अंगणात

३ जून

प्रिय ताई,

नमस्कार. माझ्या अक्षरातलं पाकीट बघून तू आधी घाबरशील, कोण गेलं म्हणून. कोणी गेलेलं नाही. फोनवर माझं तुझ्यापुढे काही चालत नाही, माझं वाक्य अर्ध्यात असतं तेव्हाच तू उत्तर देऊन मोकळी होतेस. कागदावर तरी तुला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

आत्या कशी आहे? तिच्या चष्म्याच्या काडीचा स्क्रू एव्हाना सैल झाला असणार. पाठवून दे, घट्ट करून देतो. दुकान बरं चाललंय. लोकांचे डोळे बिघडतायत तोवर मला काळजी नाही.

पत्राचं कारण असं की आपलं गल्लीतलं सिनागॉग रंगवायला काढलंय. बाकं बाहेर अंगणात, झुंबर पोत्यात बांधलेलं, सगळीकडे चुन्याचा वास. सेक्रेटरींच्या मनात आलंय की रंगकाम झालं की एक पुस्तिका काढायची, त्यात जुन्या लोकांच्या सणांच्या आठवणी. जुन्या लोकांत त्यांनी माझं नाव घातलं म्हणून मी चिडलो होतो, मग आरशात पाहिलं आणि गप्प बसलो. तू आयुष्यभर दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलंस, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. तर लहानपणचे सण आठवतील तसे लिहून पाठव. सेक्रेटरींची अट एवढीच की बाहेरच्या माणसालाही कळलं पाहिजे.

आणि एक विचारायचं होतं. सणाला कोहेन लोक समोरच्या ओट्यावर, वर जाऊन सगळ्यांना आशीर्वाद देतात, तेव्हा आपल्याकडे आजोबा आणि शिंपीकाका वर जायचे. तेराव्या वर्षी मीही त्यांच्याबरोबर जायला लागलो. आता ते दोघे नाहीत, मी एकटाच उरलोय. पण बाबा वर उभे आहेत असं काही केल्या माझ्या डोळ्यांपुढे येत नाही. तुला आठवतं का? ते कधी वर गेले होते का? यावर माझं एक काम अडलंय. काम कसलं ते विचारू नकोस.

तुझा,
भोंगा


१४ जून

प्रिय भोंग्या,

काम कसलं ते विचारू नकोस म्हणे. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय तुझी लहानपणापासूनची. असो, विचारत नाही. निदान पत्र संपेपर्यंत.

आधी सेक्रेटरींचं काम. तुझ्या नावापासून सुरू करते. आपल्या नव्या वर्षाच्या सणाला मेंढ्याचं शिंग फुंकतात. तू सहा-सात वर्षांचा असशील, सगळे घरी जेवायला गेले असताना तू ते पेटीतून काढून फुंकलंस. आवाज आला तो पिंपात अडकलेल्या मांजराचा. शेजारच्या शाळेचा शिपाई धावत आला होता. त्या दिवसापासून तू भोंगा.

मग दहा दिवसांनी उपासाचा मोठा दिवस. त्या दिवशी मोठी माणसं पाणीसुद्धा पीत नाहीत आणि मुलं मात्र दर अर्ध्या तासाने नळावर. मला वाटायचं, देव आज वर्षभराचा हिशोब बघतोय तर मोठ्यांनी एवढं चिडचिडं राहणं बरं नाही. त्यानंतर मांडवाचा सण. अंगणात फांद्यांचं छप्पर, त्यातून आकाश दिसलंच पाहिजे असा नियम. आपण रंगीत कागदाच्या साखळ्या करायचो. तू खळ बोटाने चाटायचास. शेवटच्या दिवशी तोरा, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाची गुंडाळी, घेऊन फेऱ्या, आणि वरच्या गॅलरीतून बायका गोळ्या टाकायच्या. माझी आई नेम धरून आजोबांच्या टोपीवर टाकायची आणि साळसूद चेहरा करून बसायची.

आणि पुरीमचा सण, गोष्टीतल्या दुष्ट प्रधानाचं नाव आलं की दणादणा आवाज करायचा. इतर मुलांकडे लाकडी खुळखुळे. आपल्याकडे मामाने छापखान्यातून आणलेली शाईच्या डब्यांची झाकणं. मामा, म्हणजे तुझे बाबा, तिथे अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्या झाकणांपुढे कोणाचं काही चालायचं नाही.

आता तुझा प्रश्न. बाहेरच्या वाचकासाठी आधी हे लिही: कोहेन म्हणजे मूळच्या पुरोहितांच्या घराण्यातले. ते घराणं बापाकडून मुलाकडे येतं. सणाच्या प्रार्थनेत ते जोडे काढून वर जातात, हातांवर पाणी घेतात, शाल डोक्यावरून पुढे ओढतात आणि हात पसरून तीन ओळींचा आशीर्वाद देतात. तेव्हा त्यांच्याकडे बघायचं नसतं. आपल्याला सांगितलं होतं की बघणाऱ्याचे डोळे जातात. म्हणून तू चष्म्यांचा धंदा काढलास की काय, कोण जाणे.

मामा वर? नाही रे. मामा तेव्हा आपल्याबरोबर असायचा. आठव ना. आशीर्वादाची वेळ झाली की मामा बाकावरून उठायचा, आपल्या पाच-सहा जणांना कोंबडीच्या पिल्लांसारखं हाकत बाजूच्या दाराने अंगणात न्यायचा. म्हणायचा, तुम्ही आत खुसफुस करता. अंगणात तो खिशातून बोरांएवढ्या साखरेच्या गोळ्या काढायचा आणि आत आमेन ऐकू आलं की आपण परत. मला तेव्हा वाटायचं, याच्या बोटांची शाई जात नाही म्हणून हात पसरायला हा लाजतो.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितलेली नाही. अकरा वर्षांची झाल्यावर मला वर गॅलरीत बायकांत बसवायला लागले. पहिल्याच सणाला मी डोळ्यांवरच्या बोटांतून पाहिलं. खाली शालींचा ढीग, वर आजोबा आणि शिंपीकाका, सगळ्या बायकांचे हात डोळ्यांवर. फक्त तुझ्या आईचे नाहीत. मामी मान वळवून बाजूच्या खिडकीतून खाली अंगणात बघत होती. मुलं पडतील म्हणून असेल. पण पुढच्या सणालाही तसंच, आणि त्याच्या पुढच्यालाही.

तर आता मी विचारते. कोणी तुझ्या वर जाण्याबद्दल शंका काढतंय का? नवा कोणी शहाणा आलाय का कमिटीवर? तसं असेल तर घाबरू नकोस. आजोबा कोहेन होते, मामा कोहेन होता, तू कोहेन आहेस. पाहिजे तर आईची सही घेऊन तसं लिहून पाठवते.

तुझी,
ताई


२५ जून

प्रिय ताई,

कृपा करून काही लिहून पाठवू नकोस. आधीच आग लागलीय, त्यात तू तेल घेऊन निघालीस.

आता सांगतोच. माझ्याकडे एक बाई चष्मा दुरुस्तीला येतात. नगर वाचनालयात पुस्तकं बांधायचं काम करतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा काडी निखळली होती, मग नाकावरची गादी, मग स्क्रू. चष्मा इतक्या वेळा बिघडू शकत नाही हे मला धंद्यामुळे माहीत होतं, तरी मी दर वेळी गंभीर चेहऱ्याने बघायचो. शेवटी त्याच म्हणाल्या, आता मोडायला काही उरलं नाही, दुसरं काहीतरी कारण शोधा. बायको जाऊन आठ वर्षं झाली, ताई. दुकान बंद करून घरी जायचं म्हणजे दिवा लावायला आपणच जायचं. आता मला घाई असते कुलूप लावायची.

त्या आपल्यातल्याच आहेत, नदीपलीकडच्या वस्तीतल्या. पण घटस्फोटित. तरुणपणीच, सगळं रीतसर झालेला. मी लग्नाचं बोलायला आपल्या हज्जानकडे गेलो. तो आपला प्रार्थना चालवणारा खरा, पण माझ्यापेक्षा वयाने लहान, माझ्याकडूनच चष्मा करून घेतो. त्याने ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसत बसला. म्हणाला, काका, कोहेनने घटस्फोटितेशी लग्न करायचं नसतं, मी ते लावू शकत नाही. कचेरीत जाऊन करायचं तर करा, मी काही बोलणार नाही, पण मग सणाला वर जाता येणार नाही.

मी हिला येऊन सांगितलं, कचेरीत करू. तिने सरळ नाही म्हटलं. म्हणाली, "एकदा माझं घर मोडलं तेव्हा सगळे म्हणाले हिच्यामुळे मोडलं. आता माझ्यामुळे तुम्ही देवाच्या दारातून परत फिरलात असं मला ऐकायचं नाही. सिनागॉगात लावणार असाल तर सांगा, नाहीतर मी माझा चष्मा दुसरीकडे टाकते."

म्हणून मी पुस्तिकेचं निमित्त केलं. पुस्तिका खरी आहे, पण मला हवी होती फट. बाबा वर जात नव्हते म्हणजे कदाचित आपण कोहेन नसूच, आजोबांचं काहीतरी चुकलं असेल, असं. ती फट बुजवायला तू चुना घेऊन आलीस.

आणि खरं सांगू, फट सापडली तरी मला भीती आहे. शालीच्या आत गरम अंधार असतो, आपलाच श्वास ऐकू येतो, पूर्वी आजोबांचं कोपर लागायचं. चष्मेवाल्याला आयुष्यात कोणी फारसं विचारत नाही, पण त्या दोन मिनिटांत सगळी गल्ली माझ्यासमोर मान खाली घालून उभी असते. ते जाईल. तरी तू शोध. आत्याला विचार. तिला बाबांची धाकटी बहीण म्हणून काहीतरी माहीत असेलच.

तुझा,
भोंगा


६ जुलै

प्रिय भोंग्या,

आधी तुझं अभिनंदन, आणि मग तुझा कान धरते. एवढी मोठी बातमी आणि मला मांडवाच्या कागदी साखळ्या लिहायला बसवलंस. तिला सांग, तुझी ताई तिच्यावर खूश आहे. जी बाई स्वतःचा चष्मा मोडून माणूस मिळवते ती संसार नीट करेल.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. घटस्फोटित शब्द आल्यावर तिचे हात थांबले. मी वर पाहिलं तर म्हणाली, वाच पुढे. वाचून झालं. मग मी विचारलं, मामा का वर जात नव्हता? तर म्हणाली, सिनागॉगातल्या गोष्टी मी कशाला लक्षात ठेवू, मी गोळ्या टाकायला जायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही म्हणाली. आणि मग अगदी वेगळंच, ती बाई कशी आहे, हसते का? मी म्हटलं, पत्रावरून तरी हसते. त्यावर ती आत जाऊन पडली. जेवायला उठली नाही. मला वाटलं अपचन. माझी आई अपचन कधी लपवत नाही, त्यामुळे अपचन नसावं.

तेव्हापासून मला चैन नाही. तुला माहीत आहे माझा स्वभाव, एखादा नमुना जुळत नसला की मी घरी यायची नाही. तर मी बसून तपासलं. प्रश्न असा: मामा मुलांसाठी बाहेर जायचा की मामाला बाहेर जायचं होतं म्हणून मुलं लागायची? लॅबमध्ये आम्ही काय करतो, एक गोष्ट काढून घेतो आणि बघतो तरी तेच होतं का. मुलं काढून घेतली तर?

आणि मला तो दिवस आठवला. तू तेरा वर्षांचा झालास आणि पहिल्यांदा वर गेलास तो सण. आजोबांनी आधीच सगळ्यांना बजावलं होतं, आज नातू वर उभा राहणार, कोणी बाहेर जायचं नाही, मुलांनी बापाच्या शालीखाली उभं राहायचं. एकही मूल बाहेर गेलं नाही. मी गॅलरीतून बघत होते, तुझ्याकडे बघायचं म्हणूनच बघत होते. तू पायऱ्या चढलास, शाल तुला मोठी होत होती, आजोबांनी ती पुढे ओढून दिली. तेव्हा मामा बाकावरून उठला आणि एकटाच बाजूच्या दाराने बाहेर गेला.

स्वतःचा मुलगा पहिल्यांदा आशीर्वाद देतोय आणि बाप बाहेर. मामी खिडकीकडे बघत होती. मीही पाहिलं. तो नळाशी भिंतीला हात लावून उभा होता, आणि आत शिंपीकाकांच्या जाड आवाजात तुझा चिरका आवाज मिसळला तेव्हा त्याने मान खाली घातली.

म्हणजे मुलं हे निमित्त होतं. खरं कारण मला अजून सापडत नाही. आजोबांशी त्याचं काही बिनसलं होतं का? छापखान्यात नोकरी धरली म्हणून आजोबा रागावले होते असं ऐकलंय. की त्याचा देवावरचा विश्वास उडाला होता? पण मग तो बाकीची सगळी प्रार्थना पाठ कशी म्हणायचा?

आईला मी सोडणार नाही. पण तिच्या कलाने घ्यावं लागेल.

तुझी,
ताई


१५ जुलै

प्रिय ताई,

आत्याला छळू नकोस. या वयात तिने जेवण सोडलं तर ते माझ्या डोक्यावर.

इकडे आतून रंग पूर्ण झाला. फिकट निळा घेतलाय, सेक्रेटरी म्हणतात आकाशासारखा, मला दवाखान्यासारखा वाटतो. बाकं आत लागली. पुस्तिकेचं भिजत घोंगडं तसंच आहे. ऊन फार आहे. गॉगलला मागणी चांगली.

तिचा चष्मा दुकानात पडून होता. परवा मी बाहेर गेलो असताना येऊन घेऊन गेली. माझ्या हाताखालच्या मुलीला म्हणाली, आता ठीक आहे, पुन्हा बिघडणार नाही. दुरुस्तीचे पैसे ठेवून गेली. आजपर्यंत मी कधी घेतले नव्हते.

बाबा नळाशी उभे होते हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं त्या दिवशी ते पहिल्या रांगेत असतील. मी शालीच्या आतून त्यांच्यासाठी जोरात म्हणत होतो.

विषय संपला असं समज.

भोंगा


२९ जुलै

प्रिय भोंग्या,

विषय संपलेला नाही. बसून वाच. गिऱ्हाईक असेल तर जाऊ दे आधी.

तुझं मागचं पत्र मी आईला वाचून दाखवणार नव्हते. पण तिने डाकवाल्याला पाहिलं होतं. पैसे ठेवून गेली इथपर्यंत ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला. मग तुझं ते वाक्य, बाबांसाठी जोरात म्हणत होतो. आई म्हणाली, "पुरे झालं आता. मी दोघांना शब्द दिला होता, दोघंही गेले. तो शब्द जपून मी त्यांच्या मुलाचं घर बंद करणार असेन, तर असला शब्द काय कामाचा."

तिने सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते, कारण ती मध्येमध्ये रडत होती.

मामा तरुणपणी दुसऱ्या गावी छापखान्यात काम शिकायला गेला होता. तिथे तुझी आई मुद्रितं तपासायची. तिचं लग्न सतराव्या वर्षी झालं होतं आणि वर्षभरात मोडलं होतं, रीतसर फारकत होऊन. नवऱ्याने का टाकलं ते आईलाही माहीत नाही, मामीने कधी सांगितलं नाही. मामाने तिला विचारलं तेव्हा तिने त्याला तेच सांगितलं जे हज्जानने तुला सांगितलं: तू कोहेन, मी घटस्फोटित, होणार नाही. मामा म्हणाला, होईल. कचेरीत जाऊन लग्न केलं आणि इकडे आणताना एवढंच सांगितलं की मुलगी पोरकी आहे, म्हणून लग्न साधेपणाने उरकलं. आजोबांना कळलं असतं तर त्यांनी घराचं दार उघडलं नसतं. त्या काळी गल्लीनेही नसतं उघडलं. फक्त माझ्या आईला मामाने खरं सांगितलं, कारण एकट्याच्या पोटात ते राहीना आणि कोणालातरी सांगणं भाग होतं.

अशा लग्नानंतर कोहेनने वर जायचं नसतं. आणि आत बसून राहिला तर हाक मारल्यावर जावंच लागतं. म्हणून हाक येण्याआधी तो बाहेर निघून जायचा. आपल्याला गोळ्या द्यायचा तो त्यासाठी. लोक म्हणायचे, याने पोरांना डोक्यावर चढवून ठेवलंय. मामी वरून त्याच्याकडे बघत बसायची, कारण तो तिथे कोणामुळे उभा आहे ते तिला माहीत होतं.

आता नीट वाच. असं लग्न झालं की त्यांच्या मुलांकडे ते घराणं येत नाही. तू कोहेन नाहीस, भोंग्या. जन्मापासून नव्हतास. तुला त्या बाईशी लग्न करायला कसलीच आडकाठी नाही.

मी आईला विचारलं, मग तेराव्या वर्षी याला वर का जाऊ दिलं? ती म्हणाली, मामा आदल्या दिवशी तिच्याकडे आला होता. त्याचे शब्द तिला जसेच्या तसे पाठ आहेत. "त्याला खाली उतरवायचं तर हिला सगळ्यांसमोर उभं करावं लागेल. मला ते जमणार नाही. पाप लागलं तर मला लागू दे." एवढं बोलून तो गेला.

दोन दिवस मी हे पत्र लिहावं की नाही या विचारात होते. तू न विचारता तुझं सगळं काढून घेतल्यासारखं होईल असं वाटत होतं. पण मग वाटलं, मी कोण ठरवणार. आई हज्जानशी फोनवर बोलायला तयार आहे, तू हो म्हटलंस तरच. नाही म्हटलंस तर आम्ही दोघी हे आमच्याबरोबर घेऊन जाऊ, तू वर जात राहा. कोणालाही कधी कळणार नाही. दोन्ही गोष्टी एकदम मिळणार नाहीत, एवढंच. उंटावरून शेळ्या हाकायला मला आवडतं, पण या वेळी काही सांगत नाही.

मला मामाचा फार अभिमान वाटतोय, आणि फार वाईटही वाटतंय. दोन्ही एकाच वेळी. तुला काय वाटतंय ते लिही.

ताई


९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तू लग्नाला येऊन गेलीस, सगळं डोळ्यांनी पाहिलंस, तेव्हा त्याचं काही लिहीत नाही. ही म्हणते, तुमच्या ताईने मला इतके प्रश्न विचारले की मला वाटलं आता रक्तही मागणार. आत्या येऊ शकली नाही याची चुटपुट आहे. तिचा चष्मा तू आणलास तो दुरुस्त झालाय, सोबत पाठवतोय.

तुझ्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं, फक्त फोन करून आत्याला बोलू दे म्हणालो होतो. तू इकडे आलीस तेव्हा गर्दीत बोलता आलं नाही. काय वाटलं ते लिही म्हणालीस, तर आता लिहितो.

पहिल्यांदा राग आला. बाबांचा. मला इतकी वर्षं खोट्या जागी उभं केलं म्हणून. किती लोकांना मी आशीर्वाद दिला, आजारी माणसं, परीक्षेची मुलं, शेवटच्या वर्षी पायऱ्या चढवेनात म्हणून खाली बसलेले आजोबा. ते सगळं वाया गेलं का? हा प्रश्न घेऊनच मी हज्जानकडे गेलो. त्याने मोठ्या शहरातल्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारून घेतलं होतं, लग्नाला हरकत नाही असं उत्तर आलं होतं, तो खुशीत होता आणि मी तोंड पाडून बसलो होतो. तो म्हणाला, "काका, आशीर्वाद देव देतो. तुम्ही नुसते हात पसरून उभे होतात." हे त्याने माझी समजूत काढायला म्हटलं की तसं कुठे लिहिलंय, मला माहीत नाही. पण त्या रात्री झोप लागली.

मग आईचं. वर का जात नाही असं लोक विचारणारच होते. मी ठरवलं होतं, गुडघे दुखतात म्हणून सांगायचं. ही म्हणाली, तुमची आई आयुष्यभर लपून राहिली, आता तरी तिला बाहेर येऊ द्या. म्हणून जो विचारेल त्याला सांगतो, माझ्या आईचं आधी एक लग्न झालं होतं, बाबांनी तिला पत्करलं. सेक्रेटरी म्हणाले, हे पुस्तिकेत घालायचं का? मी म्हटलं घाला. आपल्या बाजूच्या म्हाताऱ्या नर्सबाई डोळे पुसत म्हणाल्या, किती सुंदर दिसायची ती. दुसरं काही कोणी बोललं नाही. ज्या गल्लीला बाबा घाबरले ती गल्ली कधीच उठून गेली, ताई. मला ते कळून जास्त वाईट वाटलं.

आणि आता नव्या वर्षाचा सण. ही वर गॅलरीत. मी खाली तिसऱ्या बाकावर, माझी अशी जागा कुठली तेच मला माहीत नव्हतं. आशीर्वादाची वेळ जवळ आली तसे माझे पाय जोड्यांतून बाहेर यायला लागले, सवयीने. मी पुन्हा जोडे चढवले. मग वाटलं उठून बाजूच्या दाराने जावं. दार उघडं होतं. पण मला बाहेर जायचं काही कारण नव्हतं. मला कोणी हाक मारणार नव्हतं.

कोहेन कोणी नसला की हज्जानच त्या तीन ओळी म्हणतो, तेवढ्यावर भागतं. मी शाल डोक्यावरून घेतली. ताई, लहानपणी मी या वेळेला अंगणात होतो, नंतर वर होतो. हे शब्द मला पाठ आहेत, झोपेत म्हणेन, पण ते मला उद्देशून कोणी म्हटलेले मी कधीच ऐकले नव्हते. देव तुझं भलं करो आणि तुला जपो. मला वाटलं हज्जान माझ्याकडे वाकून बोलतोय. शालीच्या आत माझा चष्मा वाफेने भरला, मला काही दिसेना, आणि मला रडू आलं.

पहिल्या ओळीला सगळे आमेन म्हणाले, मीही म्हणालो. मग लक्षात आलं की बाबांनीही लग्नानंतर हे कधी ऐकलं नाही. ते भिंतीपलीकडे होते, त्यांच्यापर्यंत आमेन तेवढं यायचं. म्हणून मी आणखी एकदा म्हणालो. दुसऱ्या ओळीलाही दोनदा, तिसरीलाही. शेजारचा माणूस नंतर म्हणाला, तुम्ही जरा मागे पडत होता. मी म्हटलं, नाही, एक माझं होतं आणि एक बाबांचं.

तुझा,
भोंगा